हात उचलण्याआधीचं शिक्षण

स्वसंरक्षणाचं शिबिर म्हणजे काय, हे आता धुळे-जळगावातल्या कुठल्याही पालकाला समजावून सांगावं लागत नाही. शाळेच्या मैदानावर रांगेत उभ्या मुली, पांढरे ड्रेस, ठोशाबरोबर एका सुरात उठणारा आवाज आणि समारोपाला पाहुण्यांसमोर कौलं फोडण्याचं प्रात्यक्षिक. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचं आत्मरक्षा प्रशिक्षण दिलं जातं. कराटे-तायक्वांदोचे खासगी वर्ग तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले आहेत, आणि कुस्तीच्या तालमी, लाठीकाठी तर त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या. हे सगळं हवंच आहे. पण या पुस्तकाची अनुक्रमणिका पाहून काही प्रशिक्षक बुचकळ्यात पडतील, कारण पहिल्या निम्म्या पानांत एकही ठोसा नाही आणि एकही लाथ नाही. तिथे आहे ते बघायला शिकणं, धोक्याची चाहूल ओळखणं, वेळेवर नाही म्हणणं, निघून जाणं, कुणाला तरी सांगणं. ही मांडणी मुद्दाम केलेली आहे. संकट ओळखणं आणि त्याची वाट आधीच अडवणं हेही हातापायांच्या डावांइतकंच कौशल्याचं काम आहे, ते शिकवता येतं, घोटून घेता येतं. त्याला वेळ दिला नाही, तर उरलेलं शिक्षण अपुरं पडतं आणि कधी कधी घातकही ठरतं. हे म्हणणं नुसतं ठासून सांगून भागणार नाही, म्हणून आधी पुरावा पाहू.

शिबिरात शिकवला जाणारा हल्लेखोर बहुधा अनोळखी असतो. तो अंधाऱ्या रस्त्यावर मागून येतो, मनगट किंवा केस पकडतो, मुलगी झटका देऊन सुटते. असे हल्ले होतात, यात शंका नाही. मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं वेगळंच चित्र दाखवतात. २०२१ मध्ये देशात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी ३०,५७१ गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. घरातला, शेजारचा, मित्र म्हणवणारा, कामावरचा, लग्नाचं आमिष दाखवणारा. असा माणूस आधी विश्वास मिळवतो, मग एकटं गाठतो, मग गप्प बसवतो. यातल्या कुठल्याच पायरीवर मनगट सोडवण्याच्या डावाला जागा नाही. जळगावला हे कुणी नव्याने सांगायची गरज पडू नये. १९९४ साली तिथे उघडकीला आलेल्या वासनाकांडात मुलींना आणि बायकांना जखडून ठेवणारी गोष्ट होती छायाचित्रं आणि ती बाहेर जातील ही भीती. कितीतरी जणी बदनामीच्या धाकाने पुढेच आल्या नाहीत, आणि पुढे खटल्यांना ते मौन भोवलं. आज तेच हत्यार प्रत्येक खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण बाहेर आलं. त्यातल्या दोन्ही मुली चार वर्षांच्या आसपासच्या होत्या आणि आरोपी शाळेतच साफसफाईचं काम करणारा पुरुष होता. त्या वयाला कुठला डाव शिकवणार? तिथे उपयोगी पडल्या असत्या त्या गोष्टी साध्या होत्या. लहान मुलींना स्वच्छतागृहात नेण्यासाठी बाईच असावी, येण्याजाण्यावर नजर असावी, आणि मूल काही सांगू लागलं तर ते पहिल्याच दिवशी खरं मानून ऐकणारं कुणीतरी असावं.

मग प्रतिबंधाचं शिक्षण खरंच फळतं का, की तीही नुसती चांगली वाटणारी कल्पना? या प्रश्नाचं उत्तर देणारा एक अभ्यास कॅनडात झाला आणि २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रज्ञ शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीची माहितीपत्रकं मिळाली. दुसऱ्या गटाला बारा तासांचं प्रशिक्षण मिळालं, तीन-तीन तासांच्या चार सत्रांत. वर्षानंतर माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाल्याचं आढळलं, तर प्रशिक्षण घेतलेल्या गटात हे प्रमाण ५.२ टक्के होतं. म्हणजे जवळपास निम्मं. कराटे शिकवणाऱ्या प्रत्येकाने या बारा तासांची वाटणी नीट पाहावी. प्रत्यक्ष झटापटीचं शिक्षण त्यात दोनच तास होतं. बाकीचा वेळ कशात गेला? ओळखीच्या माणसाकडूनही धोका असू शकतो हे मनाला पटवून घेण्यात. त्याच्या वागण्यातल्या खुणा हेरण्यात: एकटं गाठायचा प्रयत्न, नकार दिल्यावरही चालू राहणारा आग्रह, दारूचा वापर. आणि तिसरी गोष्ट फार महत्त्वाची, स्वतःच्या मनातला संकोच ओलांडण्यात. कारण ओळखीच्या माणसासमोर मुलीला पहिल्यांदा अडवतो तो तिचाच सभ्यपणा. तो काय म्हणेल, आपण उगाच तमाशा करतोय असं वाटेल का, पाहुण्याला कसं दुखवायचं. हा अडसर कॅनडातल्या मुलीला असेल तर दोंडाईच्यातल्या मुलीला तो किती पटींनी असेल, याचा अंदाज आपल्या घरांत वाढलेल्या कुणालाही करता येईल. मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे वळण लावून आपणच मुलींचा आवाज बंद करतो आणि मग तीन महिन्यांच्या शिबिरात त्यांना ओरडायला शिकवतो. कॅनडा म्हणजे खान्देश नव्हे, हे मान्य. तिथलं वसतिगृह निराळं, इथलं घर निराळं. पण ओळखीचा हल्लेखोर आणि संकोच या दोन गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत, आणि ते प्रशिक्षण नेमकं त्या दोहोंवरच बेतलेलं होतं.

युद्धकलेला हे सगळं परकं आहे असं मानायचं कारण नाही. शोतोकान कराटे शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला सर्वांत आधी येणारा काता म्हणजे हेइआन शोदान. धुळ्यातल्या कुठल्याही वर्गात तो पाहायला मिळेल. त्याची पहिली हालचाल प्रहाराची नाही. समोर तोंड करून उभा असलेला विद्यार्थी डावीकडे वळतो आणि खाली येणारा वार हाताने झटकून टाकतो, ज्याला गेदान-बराई म्हणतात. चांगला प्रशिक्षक इथे एक बारकावा घोटून घेतो: आधी मान वळली पाहिजे, डोळे त्या दिशेला गेले पाहिजेत, मग कंबर आणि मग हात. मान न वळवता अंग फिरवणाऱ्या मुलाला तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावतो. म्हणजे अगदी पहिल्या पाठातच क्रम ठरलेला आहे: बघणं, वळणं, अडवणं, आणि चौथ्या जागी मारणं. या परंपरेचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी हे पेशाने शाळामास्तर होते. त्यांनी घालून दिलेल्या वीस नियमांत कराटेत पहिला वार नसतो हे तत्त्व आहे, आणि गाफीलपणातून अरिष्ट उद्भवतं हेही. आपल्या तालमीतही वस्ताद नव्या पोराला आधी पवित्रा शिकवतो, समोरच्याच्या पायांवर नजर ठेवायला सांगतो, डावांची पाळी नंतर येते. परंपरेत जे मूळचंच होतं ते स्पर्धा, पदकं आणि समारोपाची प्रात्यक्षिकं यांच्या गडबडीत मागे पडलं. कौल फुटलेलं दिसतं, टाळ्या मिळतात. टळलेला प्रसंग कुणाला दिसत नाही, त्याचा फोटो काढता येत नाही. शिबिराच्या अहवालात त्याची नोंद करायला रकाना नसतो, हे या दुर्लक्षाचं मोठं कारण आहे असं मला वाटतं.

आता यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. लोकांना सावध राहा, सावध राहा असं सांगत गेलं की सगळीकडे शत्रू दिसू लागतात, आणि मग काय होतं हे धुळे जिल्ह्याने पाहिलं आहे. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण त्या बाजारात आले. मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होते. त्या पाच जणांतला एक जण एका लहान मुलीशी बोलायला गेला, यावरून संशय घेतला गेल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि पाचही जणांना ठार होईपर्यंत मारलं. ज्यांनी मारलं त्यांची समजूत आपण आपल्या मुलांचं रक्षण करतोय अशीच होती. म्हणून स्वसंरक्षणावरच्या कुठल्याही पुस्तकाला राईनपाडा बाजूला ठेवून पुढे जाता येणार नाही, आणि खान्देशातल्या पुस्तकाला तर नाहीच. त्या वर्षी देशभर पसरलेल्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतली होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठीच ती तयार केली होती, आणि तिच्या शेवटचा खुलासा कापून उरलेला तुकडा पुढे पाठवला गेला. जागृतीची चित्रफीतच अफवा झाली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण मर्यादा यंत्राला घालता येते, माणसाला शिकवावंच लागतं.

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मला तो माझ्या मुद्द्याच्या बाजूचा वाटतो. राईनपाड्यात सावधपणा जास्त झाला नव्हता, सावधपणा नव्हताच. तिथे भीती होती आणि हातात बळ होतं. सावध माणूस वागणं पाहतो. भ्यालेला माणूस वेश पाहतो, बोली पाहतो, जात पाहतो, परकेपणा पाहतो. सावध माणूस खात्री करतो: हा संदेश आला कुठून, कुठल्या गावातलं मूल हरवलं, ठाण्यात तशी तक्रार आहे का? एक फोन केला असता तर कळलं असतं. महाराष्ट्रात आता ११२ हा एकच आपत्कालीन क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८ आहे. संशय आल्यावर मुलाला जवळ घेणं, माणसाला अंतरावरून नजरेत ठेवणं आणि पोलिसांना कळवणं, एवढ्यात नागरिकाचं काम संपतं, आणि हे तिन्ही शिकवण्याजोगं आहे. या पुस्तकात अफवेवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते झटापटीच्या प्रकरणांआधी ठेवलं आहे. अंगात ताकद आणि डाव आलेल्या तरुणाला खातरजमा करण्याची सवय नसेल, तर गावाला त्याच्यापासून धोका आहे. हे कठोर वाटेल, पण पाच माणसं गेल्यावर मऊ शब्दांत सांगायला जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप स्त्रियांच्या चळवळीतून येतो आणि तोही तितकाच वजनदार आहे. काळजी घ्या, टाळा, सावध राहा, असं मुलीला सांगायचं म्हणजे गुन्ह्याची जबाबदारी तिच्याच गळ्यात घालायची. आणि आपल्याकडे या सल्ल्याचा शेवट नेहमी एकाच ठिकाणी होतो: संध्याकाळनंतर बाहेर पडू नको, क्लास बंद कर, कॉलेज बंद कर. साक्री-शिरपूर भागातल्या गावांतून एसटीने शिकायला येणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर बसमध्ये झालेल्या त्रासाची एक तक्रार घरी कळली की पास बंद आणि शिक्षणही बंद, अशी भीती असते. म्हणून ती सांगत नाही, आणि त्रास देणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. तेव्हा इथे स्पष्ट सांगतो: मुलीचं जगणं आखडणारा कुठलाही सल्ला या पुस्तकाच्या लेखी प्रतिबंध नाही. कॅनडातल्या त्या प्रशिक्षणातही हे करू नका, तिथे जाऊ नका अशी यादी नव्हती. उलट पुढच्या पाहणीत दिसलं की प्रशिक्षण घेतलेल्या मुली अशा प्रसंगाचा दोष बाईला कमी देत होत्या, आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला त्याही स्वतःला कमी दोष देत होत्या. गुन्ह्याची जबाबदारी गुन्हेगाराची आणि जागेची जबाबदारी जागा चालवणाऱ्याची, हे मुलीला ठामपणे कळणं हाही संरक्षणाचाच भाग आहे.

जागेची जबाबदारी हा मुद्दा शिबिरांत येतच नाही, तो थोडा उलगडायला हवा. १८१८ नंतर खान्देशचा कारभार हाती आलेल्या कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे ठाणं केलं आणि नव्या पेठेचे रस्ते सरळ आखले. आजही त्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. सरळ गल्लीत या टोकावरून त्या टोकाचं दिसतं, दुकानं आणि ओटे रस्त्याकडे तोंड करून असतात, येणाऱ्याजाणाऱ्यावर दहा डोळे असतात. ब्रिग्जच्या मनात बहुधा व्यापार होता, पण रस्ता दिसता असणं ही सुरक्षिततेची पहिली अट आहे. तीच नजर आजच्या वसाहतींवर फिरवून पाहावी. देवपुरातल्या महाविद्यालयांकडे जाणाऱ्या वाटांवर कुठले दिवे बंद आहेत, शेवटच्या बसनंतर थांब्यावर कोण उरतं, वसतिगृहाची मागची भिंत कुठे पडली आहे, आश्रमशाळेत रात्री बाई अधीक्षक खरोखर मुक्कामी असते का? राज्यातल्या शाळांना २०२२ पासून सखी सावित्री समिती नेमावी लागते. तुमच्या शाळेत ती कागदावर आहे की महिन्याला बसते, हे विचारणं पालकाचं काम. शिबिरातल्या मुलींना आपल्याच शाळेचा, आपल्याच थांब्याचा असा नकाशा काढायला लावला आणि तो मुख्याध्यापकांना, आगारप्रमुखांना नेऊन दिला, तर ते स्वसंरक्षणाचं उत्तम प्रात्यक्षिक होईल. पाहुण्यांसमोर करायचंच असेल तर हेही करावं.

मुलांबद्दल, म्हणजे मुलग्यांबद्दल, या विषयात कुणी बोलत नाही. त्यांना फक्त ताकद शिकवली जाते. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खुनांची नोंद झाली. त्यांत सर्वांत मोठा वाटा, ९,९६२ प्रकरणं, कुठल्या ना कुठल्या वादातून झालेल्या खुनांचा होता. पैशाचा, जमिनीचा, घरातला, नाहीतर क्षुल्लक कारणावरून झालेला वाद. ६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून झालेली बाचाबाची पेटत गेली आणि संध्याकाळपर्यंत पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचे जीव गेले होते. त्या दिवसाबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, पोलिसांच्या वागण्याबद्दलही. इथे मुद्दा एवढाच की भांडणाच्या पहिल्या दोन मिनिटांत मागे सरणं ही शिकण्याची गोष्ट आहे. आवाज खाली आणणं, दोन हातांचं अंतर ठेवणं, मित्राला बाजूला ओढून नेणं, पैसे देऊन टाकून निघणं. तरुण मुलाला यात कमीपणा वाटतो, आणि तो वाटू नये हे शिकवायला त्याच्या सरांइतका योग्य माणूस दुसरा नाही, कारण सरांच्या ताकदीबद्दल त्याला शंका नसते. याच ओघात एक आकडा: त्याच २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, खुनांच्या जवळपास सहापट. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग ज्या शहरात एकमेकांना मिळतात, तिथल्या प्रशिक्षकाने वर्गाला येणाऱ्या मुलाने हेल्मेट घातलंय की नाही हे दारातच पाहिलं, तर त्याने त्या दिवसाचा मोठा धडा दिला असं मी म्हणेन.

एवढं वाचून एखादा जुना वस्ताद विचारेल की मग डाव कशाला शिकवायचे? शिकवायचेच. सगळी काळजी घेऊनही प्रसंग येतो, आणि तेव्हा अंगात घोटलेलंच कामी येतं. बायकांनी केलेल्या प्रतिकारावर सारा उलमन यांच्यासारख्या संशोधकांनी दीर्घकाळ काम केलं आहे. जोरात ओरडणं, जोमाने झुंजणं आणि पळून जाणं यांमुळे बलात्कार पूर्ण होण्याची शक्यता घटते, तर रडून गयावया केल्याने घटत नाही, असं त्यातून दिसतं. प्रतिकार केला तर जास्त मार बसेल ही समजूतही त्या अभ्यासांत टिकली नाही. कायदाही पाठीशी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क आहे, बलात्कार किंवा ॲसिडहल्ल्यापासून वाचताना तो हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो. त्याची सीमा कलम ३७ मध्ये आहे: गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. खाली पडलेल्या माणसावर पुन्हा लाथ घालायची की पळायचं, हे सरावातच ठरलेलं असावं लागतं. शिवाय अंगातल्या डावांचा आणखी एक उपयोग आहे, जो सावधपणालाच बळ देतो. ज्या मुलीला आपण झुंजू शकतो हे ठाऊक आहे ती ठामपणे नाही म्हणते, मान वर करून बघते, आणि लवकर निघते कारण निघण्यात तिला हार वाटत नाही. वर्गात घेतलेली आरोळीही जपानी असण्याची सक्ती नसावी. साक्रीच्या थांब्यावर मदत हवी असेल तर ती अहिराणीत मागितलेली लोकांना लगेच कळते, आणि काय चाललंय हे स्पष्ट सांगणारी हाक नुसत्या किंकाळीपेक्षा जास्त माणसांना जागेवरून हलवते.

उरतो प्रशिक्षकांचा व्यावहारिक प्रश्न: तीन महिन्यांत एवढं बसवायचं कुठे? कॅनडात ते बारा तासांत बसलं. आठवड्यातल्या सरावातला एक तास काढला तरी तीन महिन्यांत तेवढे तास होतात. अडचण वेळेची कमी आणि परीक्षेची जास्त आहे, कारण जे परीक्षेत नाही ते वर्गात टिकत नाही. म्हणून सुचवणं असं की बेल्टच्या परीक्षेतच हे घ्यावं. येलो बेल्टला विद्यार्थ्याने आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरची तीन मदतीची ठिकाणं सांगावीत, उघडं दुकान, ओळखीचं घर, पोलीस चौकी. त्यानंतरच्या बेल्टला समोर ओळखीचा माणूस आग्रह करतोय असं समजून तिघांसमोर मोठ्याने नकार द्यावा. पुढे कधीतरी मोबाइलवर आलेला एक भडकाऊ संदेश हातात द्यावा आणि तो खरा की खोटा हे कसं तपासशील ते विचारावं. यात नापास झालेल्याला, त्याची लाथ कितीही उंच जात असली तरी, वरचा बेल्ट देऊ नये. पुस्तकाच्या शेवटी या परीक्षांचे नमुने दिले आहेत. प्रशिक्षकांनी ते आपापल्या गावाप्रमाणे बदलून वापरावेत. शिरपूरच्या आश्रमशाळेतली वाट वेगळी, अमळनेरच्या पेठेतली वेगळी.